हाना आरेन्ट : नागरिकत्व गमावलेल्या विचारवंताची वाटचाल

एखाद्या व्यक्तीचे नागरिकत्व काढून घेतले, तर निव्वळ माणूस म्हणून तिच्याजवळ कोणते हक्क उरतात? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील लाखो लोकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्यावर मूलभूत स्वरूपाचे चिंतन करणाऱ्यांमध्ये जर्मनीत जन्मलेल्या ज्यू विचारवंत हाना आरेन्ट यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. १९३३ मध्ये त्यांना मायदेश सोडावा लागला. १९३७ मध्ये त्यांचे जर्मन नागरिकत्व संपुष्टात आले. त्यानंतर १९५१ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळेपर्यंत कोणताही देश त्यांना आपला नागरिक मानत नव्हता.

राज्यशास्त्रातील बहुतेक सिद्धांत विद्यापीठांच्या वर्गांत आणि ग्रंथालयांत आकाराला येतात. आरेन्ट यांचे शिक्षणही अशाच वातावरणात झाले होते. परंतु त्यांच्या राजकीय विचारांची जडणघडण मदतकार्य, वृत्तपत्रीय लेखन, नजरबंदी आणि निर्वासितांच्या जीवनातून झाली. त्यांच्या ग्रंथांतील अनेक कठीण वाटणाऱ्या संकल्पनांचे मूळ या १८ वर्षांत सापडते.

बालपण आणि शिक्षण

आरेन्ट यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९०६ रोजी हानोव्हर शहरालगतच्या लिंडेन येथे एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे बालपण मात्र पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे गेले. तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांचे हे शहर दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेले आणि आता कालिनिनग्राद या नावाने ते रशियात आहे. हाना सात वर्षांच्या असताना १९१३ मध्ये त्यांचे वडील निवर्तले. आई मार्था यांनी त्यांना वाढवले.

घरात धार्मिक आचारांचे प्रस्थ नव्हते. आपण ज्यू आहोत, याची जाणीव त्यांना रस्त्यावरील मुलांच्या शेरेबाजीतून झाली. याबाबत आईने घालून दिलेला नियम त्यांनी पुढे १९६४ मधील एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितला होता. शाळेत शिक्षकाने ज्यूंविषयी अपमानास्पद उद्गार काढले, तर मुलीने तत्काळ वर्ग सोडून घरी यायचे. शाळेला तक्रारीचे पत्र आई लिहील. हेच उद्गार मुलांनी काढले, तर मात्र घरी येऊन तक्रार करायची नाही. आपला बचाव आपणच करायचा. ज्या ओळखीवर हल्ला होतो, त्याच ओळखीने प्रतिकार केला पाहिजे, ही त्यांची पुढील काळातील भूमिका या नियमाशी जुळणारी आहे.

१९२४ मध्ये त्यांनी मारबुर्ग विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे मार्टिन हायडेगर त्यांचे शिक्षक होते. दोघांमध्ये काही काळ प्रेमसंबंधही होते. पुढे हायडेलबर्ग येथे कार्ल यास्पर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संत ऑगस्टीन यांच्या प्रेमविषयक कल्पनेवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये डॉक्टरेटची परीक्षा पूर्ण केली. या काळात राजकारणात त्यांना विशेष रस नव्हता.

त्यानंतर त्यांनी राहेल फार्नहागेन या बर्लिनमधील ज्यू स्त्रीचे चरित्र लिहावयास घेतले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या संधिकाळात राहेल यांच्या घरी लेखक, कलावंत आणि सरदार एकत्र येत असत. बहुसंख्याक समाजात मिसळून जाण्यासाठी स्वतःची ओळख पुसून टाकावी, की बहिष्कृताचे स्थान जाणीवपूर्वक पत्करून न्याय मागावा, हा या चरित्राचा गाभा होता. बहिष्कृतासाठी आरेन्ट 'पॅरिआ' हा शब्द वापरतात. भारतीय वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी, की युरोपीय भाषांमध्ये हा शब्द तमिळमधील एका जातिनामावरून आला आहे.

१९३३ : राजकारणात प्रवेश

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारीच्या रात्री बर्लिनमधील संसद भवनाला आग लागली आणि त्यानंतर विरोधकांची धरपकड सुरू झाली. यापुढे आपल्याला केवळ प्रेक्षक म्हणून राहता येणार नाही, असे आरेन्ट यांना त्या दिवसांत प्रकर्षाने जाणवले. पळून जाणाऱ्या विरोधकांना त्यांनी बर्लिनमधील आपल्या घरात आसरा दिला.

त्याच वर्षी झिओनिस्ट चळवळीचे नेते कुर्ट ब्लूमेनफेल्ट यांनी त्यांच्यावर एक काम सोपवले. जर्मनीतील संघटना, व्यावसायिक मंडळे आणि नियतकालिके यांमधून ज्यूंविरुद्ध काय छापले जात आहे, याची माहिती प्रशियन राज्य ग्रंथालयातून गोळा करावयाची होती. आरेन्ट त्या संघटनेच्या सदस्य नव्हत्या; त्यामुळे त्यांच्यावर संशय येण्याची शक्यता कमी होती. तरीही त्या पकडल्या गेल्या. चौकशी करणारा अधिकारी सौम्य स्वभावाचा होता आणि आठ दिवसांनी त्यांची सुटका झाली. दुसऱ्यांदा असे भाग्य लाभणार नाही, हे ओळखून त्या आईसह प्रवासाची कागदपत्रे नसतानाच सीमा ओलांडून चेकोस्लोव्हाकियात गेल्या आणि प्राग व जिनिव्हामार्गे पॅरिसला पोहोचल्या.

या काळातील एका अनुभवाचा त्यांनी नंतर वारंवार उल्लेख केला. नाझी हे शत्रू आहेत, हे सर्वांना ठाऊकच होते. धक्का बसला तो परिचयातील सुशिक्षित लोकांनी नव्या राजवटीशी स्वखुशीने जुळवून घेतले याचा. खुद्द हायडेगर १९३३ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नाझी पक्षाचे सदस्यही झाले. बुद्धिमत्ता आणि राजकीय विवेक या दोन गोष्टी एकत्र नांदतीलच असे नाही, ही जाणीव आरेन्ट यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली.

पॅरिस आणि गुर्सची छावणी

पॅरिसमध्ये आरेन्ट यांनी तत्त्वज्ञान बाजूला ठेवून प्रत्यक्ष मदतकार्य हाती घेतले. 'यूथ आलिया' ही संघटना ज्यू मुलामुलींना युरोपातून पॅलेस्टाइनमध्ये नेऊन शेती व कारागिरीचे शिक्षण देत असे. तिच्या पॅरिस कार्यालयाचे काम त्यांनी पाहिले. मुलांच्या कागदपत्रांची पूर्तता करणे, पालकांना धीर देणे, निधी जमवणे असे त्या कामाचे स्वरूप होते. १९३५ मध्ये अशाच एका तुकडीबरोबर त्या स्वतः पॅलेस्टाइनला जाऊन आल्या. पॅरिसमध्येच त्यांची जर्मन निर्वासित हाइनरिश ब्ल्यूखर यांच्याशी ओळख झाली आणि १९४० मध्ये दोघांचा विवाह झाला. समीक्षक वाल्टर बेंजामिन हेही त्यांच्या निकटच्या स्नेह्यांपैकी होते.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये शिरले. फ्रेंच सरकारने जर्मनीतून आलेल्या निर्वासितांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरवून ताब्यात घेतले. ज्या राजवटीने ज्यूंचे हक्क हिरावून घेतले होते, तिचेच नागरिक समजून त्यांना आता फ्रान्समध्ये बंदिवासात टाकण्यात आले. आरेन्ट यांची रवानगी स्पेनच्या सीमेजवळील गुर्स येथील छावणीत झाली. जूनमध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली, तेव्हा काही दिवस प्रशासनात गोंधळ माजला. या अवधीत सुटकेची कागदपत्रे मिळवून काही स्त्रिया छावणीबाहेर पडल्या. आरेन्ट त्यांपैकी एक होत्या. घरच्यांशी संपर्क तुटेल, या भीतीने बहुतेक जणी मागे थांबल्या. त्यांपैकी अनेकींना पुढे ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले.

सप्टेंबर १९४० मध्ये स्पेनच्या सीमेवर अडवले गेल्यानंतर बेंजामिन यांनी आत्महत्या केली. त्यांनी सोपवलेले एक हस्तलिखित बरोबर घेऊन आरेन्ट दाम्पत्य लिस्बनमार्गे निघाले आणि मे १९४१ मध्ये न्यूयॉर्कला उतरले.

न्यूयॉर्कमधील कार्य

अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा आरेन्ट ३४ वर्षांच्या होत्या आणि त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. काही महिन्यांतच त्या 'आउफबाउ' या जर्मन भाषेतील साप्ताहिकात लिहू लागल्या. हिटलरविरुद्धच्या युद्धात ज्यूंनी स्वतःच्या ध्वजाखाली, स्वतःचे सैन्य उभारून लढावे, अशी मागणी त्यांनी १९४१ च्या अखेरीस केली. इतरांच्या दयेवर जगणारा समूह ही स्थिती सोडून ज्यूंनी राजकीय समूह म्हणून उभे राहावे, असा या मागणीमागील विचार होता.

जानेवारी १९४३ मध्ये 'मेनोरा जर्नल' या नियतकालिकात निर्वासितांच्या मनःस्थितीवर त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. नव्या देशात गेलेला निर्वासित आपले दुःख लपवून आनंदी असल्याचे दाखवतो, कालच्या देशाइतकीच निष्ठा आजच्या देशावर असल्याचे पटवून देतो आणि तरीही परकाच राहतो, हे त्यांनी उपरोधाने मांडले होते. निर्वासितांविषयीच्या अभ्यासात या लेखाचा आजही आधार घेतला जातो.

युद्ध संपल्यावर आणखी एक प्रश्न पुढे आला. नाझींनी युरोपभरातील ज्यू ग्रंथालये, शाळा व प्रार्थनास्थळे लुटून पुस्तके आणि धार्मिक वस्तू जर्मनीत साठवल्या होत्या. त्यांचे मूळ मालक बहुतांशी मारले गेले होते. मग हा वारसा कोणाच्या हवाली करावयाचा? इतिहासकार सालो बॅरन यांच्या नेतृत्वाखाली त्यासाठी एक संस्था स्थापन झाली. आरेन्ट यांनी तिच्यासाठी प्रथम याद्या तयार केल्या आणि नंतर १९४९ ते १९५२ या काळात तिच्या कार्यकारी सचिव म्हणून काम पाहिले. या निमित्ताने त्या १९४९ च्या अखेरीस प्रथमच जर्मनीत परतल्या. या प्रयत्नांतून लाखो पुस्तके इस्राएल, अमेरिका आणि इतर देशांतील ज्यू संस्थांकडे सुपूर्द झाली.

पॅलेस्टाइनचा प्रश्न

ज्यूंना स्वतःची भूमी असावी, यासाठी आरेन्ट यांनी अनेक वर्षे काम केले होते. परंतु अरबांशी समझोता न करता, त्यांना वगळून उभे राहणारे राष्ट्र त्यांना मान्य नव्हते. ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकी झिओनिस्ट संघटनेने संपूर्ण पॅलेस्टाइनमध्ये ज्यू राष्ट्राची मागणी केली आणि त्या ठरावात अरबांचा उल्लेखही केला नाही. यावर आरेन्ट यांनी कठोर टीका केली. शेजाऱ्यांशी वैर आणि दूरच्या महासत्तेवर अवलंबित्व अशा पायावर उभे राहणारे राष्ट्र कायम युद्धाच्या छायेत राहील, असे त्यांचे म्हणणे होते.

१९४८ मध्ये त्यांनी जेरुसलेममधील हिब्रू विद्यापीठाचे अध्यक्ष जुडा मॅग्नेस यांना साथ दिली. दोन्ही समाजांना समान स्थान देणाऱ्या संघराज्यासाठी मॅग्नेस प्रयत्नशील होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि हा प्रयत्न मागे पडला. ४ डिसेंबर १९४८ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रावर अल्बर्ट आइनस्टाइन यांच्यासह आरेन्ट यांचीही सही होती. मेनाहेम बेगिन यांच्या पक्षाच्या राजकारणाचा आणि देर यासिन या अरब गावात झालेल्या हत्याकांडाचा त्यात तीव्र निषेध करण्यात आला होता. त्यानंतर आरेन्ट संघटित ज्यू राजकारणापासून दूर झाल्या. तथापि, इस्राएलच्या सुरक्षिततेविषयीची त्यांची आस्था कायम राहिली.

'हक्क असण्याचा हक्क'

१९५१ मध्ये 'द ओरिजिन्स ऑफ टोटॅलिटेरिअनिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आरेन्ट यांचे नाव सर्वत्र पोहोचले. ज्यूद्वेष, साम्राज्यवाद आणि सर्वंकषवाद असे या ग्रंथाचे तीन भाग आहेत. हिटलरची जर्मनी आणि स्टालिनचा सोव्हिएत संघ या राजवटी पूर्वीच्या हुकूमशाह्यांपेक्षा वेगळ्या जातीच्या आहेत, असे त्यांनी मांडले. जुना हुकूमशहा विरोध मोडून काढतो. सर्वंकष राजवट विरोध संपल्यावरही दहशत चालूच ठेवते; कारण माणसांमधील उत्स्फूर्तता आणि परस्परसंबंध नष्ट करणे हाच तिचा हेतू असतो.

या ग्रंथातील सर्वांत मोलाचे विवेचन नागरिकत्व नसलेल्या लोकांविषयी आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात साम्राज्ये कोसळली, नव्या सीमा आखल्या गेल्या आणि अनेक सरकारांनी नको असलेल्या लोकांचे नागरिकत्व रद्द करण्यास सुरुवात केली. मानवी हक्क जन्मजात असतात आणि ते कोणालाही काढून घेता येत नाहीत, असे तोवर सांगितले जात होते. परंतु ज्यांच्याजवळ 'माणूस असणे' याखेरीज काहीच उरले नव्हते, त्यांच्याच बाबतीत हे हक्क बजावून देणारी कोणतीही संस्था अस्तित्वात नव्हती, असे आरेन्ट यांनी दाखवून दिले.

त्यांनी दिलेले एक उदाहरण विचार करायला लावणारे आहे. नागरिकत्व नसलेल्या निरपराध माणसाला पोलीस केव्हाही उचलून सीमेपलीकडे सोडू शकत. त्याने किरकोळ चोरी केली, तर मात्र त्याला वकील मिळे, खटला चाले आणि ठरावीक मुदतीची शिक्षा होई. गुन्हा केल्यावर एखाद्याची कायदेशीर स्थिती सुधारत असेल, तर तो माणूस आधी कायद्याच्या बाहेर होता, असाच याचा अर्थ होतो. म्हणून सर्व हक्कांच्या आधी एक हक्क असला पाहिजे, असे त्या म्हणतात. आपले म्हणणे आणि आपली कृती ज्या समाजात मोजली जाते, अशा एखाद्या समाजाचा सदस्य असण्याचा हा हक्क होय. यालाच त्यांनी 'हक्क असण्याचा हक्क' असे नाव दिले.

इतिहासातील घटनाक्रम या विवेचनाला पुष्टी देतो. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मन ज्यूंना नागरिकाचा पूर्ण दर्जा नाकारला. नोव्हेंबर १९४१ मधील एका आदेशाने देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे राष्ट्रीयत्व आणि मालमत्ता दोन्ही काढून घेण्यात आली. पूर्वेकडे पाठवल्या जाणाऱ्या ज्यूंनाही सीमा ओलांडताच हा आदेश लागू होत असे. मृत्युछावणीत पोहोचण्यापूर्वीच त्यांच्या वतीने विचारणा करणारे कोणतेही सरकार उरलेले नसे.

एका समूहाचा प्रश्न सोडवताना दुसरा समूह निर्वासित होऊ शकतो, याकडेही आरेन्ट यांनी लक्ष वेधले. पॅलेस्टाइनमधील लाखो अरब विस्थापित झाल्याचे नमूद करून भारतीय उपखंडात याच प्रकाराने कित्येक पटींनी मोठे रूप घेतल्याचा उल्लेख त्यांनी याच ग्रंथात केला आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील कलम १५ नुसार प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. त्यानंतर १९५१ मध्ये निर्वासितांसंबंधी, तर १९५४ आणि १९६१ मध्ये नागरिकत्वहीनतेसंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाले. मात्र नागरिकत्व कोणाला द्यावयाचे, याचा निर्णय आजही प्रत्येक राष्ट्र स्वतःच घेते. म्यानमारमधील १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानंतर रोहिंग्या समाजाची झालेली अवस्था पाहता, आरेन्ट यांनी उपस्थित केलेला प्रश्न सुटलेला नाही, हे स्पष्ट होते.

कृती आणि सार्वजनिक जीवन

१९५८ मधील 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात आरेन्ट यांनी मानवी व्यवहारांचे तीन प्रकार सांगितले. शरीर जगवण्यासाठी पुनःपुन्हा करावे लागणारे ते श्रम. टिकाऊ वस्तू घडवणारी ती निर्मिती. आणि इतर माणसांसमवेत बोलून व वागून काहीतरी नवे सुरू करणारी ती कृती. राजकारण या तिसऱ्या प्रकारात मोडते. पृथ्वीवर एक 'मानव' नव्हे, तर परस्परांहून भिन्न अशी अनेक माणसे राहतात, या वस्तुस्थितीवर राजकारण आधारलेले आहे, असे त्या मानत. छावण्यांमध्ये नेमके हेच वेगळेपण पुसून टाकले जात होते.

१९५९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापकपदाचा पूर्ण दर्जा मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पुढे शिकागो विद्यापीठात आणि १९६७ पासून न्यूयॉर्कमधील 'न्यू स्कूल' या संस्थेत त्यांनी अध्यापन केले. मात्र स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवून घेणे त्यांना पसंत नव्हते. आपला विषय राजकीय सिद्धांत आहे, असे त्या सांगत.

आइखमान खटला आणि वाद

लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांपर्यंत नेण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आडॉल्फ आइखमान याला मे १९६० मध्ये इस्राएलच्या हेरांनी अर्जेंटिनातून पकडून आणले. एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेम येथे त्याच्यावर खटला सुरू झाला. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या वतीने आरेन्ट तेथे उपस्थित राहिल्या. १९६३ च्या आरंभी त्यांची लेखमाला आणि त्यानंतर 'आइखमान इन जेरुसलेम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

काचेच्या पिंजऱ्यात बसलेला हा माणूस राक्षसी वाटत नव्हता. तो ठरावीक सरकारी वाक्ये घोकणारा आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहू न शकणारा इसम होता, असे आरेन्ट यांनी लिहिले. विचार करण्याचेच थांबवलेला माणूस भयंकर कृत्ये करू शकतो, हे सांगण्यासाठी त्यांनी 'दुष्टतेचा सामान्यपणा' हा शब्दप्रयोग केला. आइखमानचा गुन्हा क्षुल्लक होता, असा याचा अर्थ नव्हता. त्याला झालेली फाशीची शिक्षा त्यांनी योग्यच मानली होती.

वाद पेटला तो दुसऱ्या एका मुद्द्यावरून. नाझींनी ठिकठिकाणी नेमलेल्या ज्यू मंडळांनी याद्या तयार करून आणि लोकांना गोळा करून दिले नसते, तर बळींची संख्या कमी झाली असती, असे आरेन्ट यांनी म्हटले होते. जिवावर बेतलेल्या परिस्थितीत ज्यांनी निर्णय घेतले, त्यांचा न्याय दुरून आणि अशा कोरड्या स्वरात करू नये, अशी प्रतिक्रिया उमटली. जुने मित्र गेर्शोम शोलेम यांनी त्यांना तीव्र शब्दांत पत्र लिहिले. कुर्ट ब्लूमेनफेल्ट यांच्याशी असलेला स्नेहही दुरावला. या पुस्तकाचा हिब्रू अनुवाद २००० मध्ये, म्हणजे मूळ पुस्तकानंतर ३७ वर्षांनी निघाला.

त्यानंतरच्या संशोधनाने आरेन्ट यांचे चित्र काही अंशी दुरुस्त केले आहे. अर्जेंटिनात असताना आइखमानने एका नाझी समर्थक पत्रकाराला दिलेल्या दीर्घ मुलाखतींचा जर्मन अभ्यासक बेटिना श्टांगनेट यांनी बारकाईने अभ्यास केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार आइखमान हा कट्टर ज्यूद्वेष्टा होता आणि न्यायालयातील त्याचा आज्ञाधारक कारकुनाचा आव मुख्यतः बचावासाठी होता. त्यामुळे या एका व्यक्तीविषयीचे आरेन्ट यांचे निदान अपुरे ठरते. परंतु मोठ्या यंत्रणेतील सामान्य माणसे अन्यायात कशी सामील होतात, हा त्यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

अमेरिकेतील वंशभेदाच्या प्रश्नावरही त्यांची चूक झाली. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश देण्यावरून संघर्ष झाला. मोठ्यांनी सोडवायचा प्रश्न मुलांच्या खांद्यावर टाकला जात आहे, अशी टीका आरेन्ट यांनी १९५९ मधील लेखात केली. कृष्णवर्णीय लेखक राल्फ एलिसन यांनी त्यास उत्तर दिले. वंशभेदी समाजात आपल्या मुलाला अशा प्रसंगाला तोंड द्यावेच लागणार, हे जाणून पालक हा त्याग पत्करतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९६५ मध्ये आरेन्ट यांनी एलिसन यांना पत्र लिहून, त्यागाची ही बाजू आपल्या लक्षात आली नव्हती, अशी कबुली दिली.

सविनय कायदेभंगाचे समर्थन

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेत आंदोलने सुरू झाली. आरेन्ट यांचा या युद्धाला विरोध होता. १९७० मध्ये त्यांनी सविनय कायदेभंगावर विस्तृत निबंध लिहिला. चोर अंधाराचा आश्रय घेतो. कायदेभंग करणारा सर्वांसमक्ष कायदा मोडतो. चोर स्वतःसाठी अपवाद मागतो. कायदेभंग करणारे एका समूहाच्या वतीने बोलतात. म्हणून दोघांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. अशा कृतीला देशाच्या राजकीय व्यवस्थेत मान्य स्थान असावे, अशी सूचनाही त्यांनी केली.

त्याच सुमारास हिंसेवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लोक एकत्र येऊन कृती करतात तेव्हा सत्ता निर्माण होते. हिंसा सत्तेला नष्ट करू शकते, मात्र ती निर्माण करू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. महात्मा गांधींच्या अहिंसक प्रतिकाराचा उल्लेख त्यात येतो. इंग्लंडऐवजी स्टालिनची रशिया किंवा हिटलरची जर्मनी समोर असती, तर त्या मार्गाचा शेवट स्वातंत्र्यात नव्हे, तर कत्तलीत झाला असता, असे त्यांचे मत होते. हे मत सर्वांना पटणारे नाही. गुर्सच्या छावणीतून सुटलेल्या व्यक्तीचे ते मत आहे, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

१९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धासंबंधीची गोपनीय कागदपत्रे वृत्तपत्रांतून उघड झाली. त्यावर लिहिताना, शासनाच्या खोटेपणाचा सर्वांत मोठा धोका त्यांनी दाखवून दिला. इतरांना फसवता फसवता राज्यकर्ते स्वतःच वस्तुस्थितीपासून तुटतात आणि नागरिकांना मत बनवण्यासाठी लागणारा तथ्यांचा सामायिक आधारच ढासळतो, असे त्यांचे विवेचन होते.

अखेरचे काम

१९७० मध्ये पती ब्ल्यूखर यांचे निधन झाले. आरेन्ट त्यानंतर 'द लाइफ ऑफ द माइंड' या ग्रंथाकडे वळल्या. विचार, इच्छा आणि निर्णय असे त्याचे तीन भाग ठरले होते. आइखमान खटल्याने उभा केलेला प्रश्न त्याच्या मुळाशी होता. विचार करण्याची सवय माणसाला दुष्कृत्यापासून परावृत्त करू शकते काय, हा तो प्रश्न होय.

४ डिसेंबर १९७५ रोजी सायंकाळी न्यूयॉर्कमधील त्यांच्या घरी सालो बॅरन आणि त्यांच्या पत्नी भोजनासाठी आल्या होत्या. लुटलेली पुस्तके परत मिळवण्याच्या कामात ज्यांच्याबरोबर आरेन्ट यांनी काम केले होते, तेच हे बॅरन. पाहुण्यांशी बोलत असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने आरेन्ट यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६९ वर्षे होते. ग्रंथाचे पहिले दोन भाग लिहून झाले होते. टंकलेखन यंत्रावर तिसऱ्या भागाचा पहिला कागद चढवलेला होता. त्यावर 'निर्णय' हे शीर्षक आणि दोन अवतरणे एवढाच मजकूर होता.